चिखलाचे टायर आणि बर्फाचा रस्ता

इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात नवीन ओळख झालेल्या बायका विचारायच्या, "तुम्ही काय करता?" मी सांगायचे, "टायर विकते." मी विनोद केला असं समजून समोरची हसायची. मी हसायचे नाही. मग ती गडबडून विचारायची, "आणि मिस्टर?" मिस्टरांची नोकरी गेली होती म्हणूनच मी टायर विकत होते, पण पहिल्या ओळखीत एवढं कोण सांगतं?

नोव्हाय हे आमचं गाव डेट्रॉईटला लागून. इथल्या मराठी माणसांना गाडीच्या धंद्याने आणलं आणि त्याच धंद्याने अधूनमधून घरीही बसवलं. २००१ साली आमच्या ह्यांच्या कंपनीने निम्मा विभाग बंद केला. ग्रीन कार्ड नुकतंच हातात पडलं होतं, म्हणजे मला काम करायला कायद्याची हरकत नव्हती. हरकत होती ती लोकांची. मी सांगलीला शाळेत रसायनशास्त्र शिकवत असे. इथे माझ्या पदवीला कोणी विचारत नव्हतं. दूध आणायला जाताना एका टायरच्या दुकानावर 'माणूस हवा' अशी पाटी दिसली. मी बाई होते, पण माणूसही होतेच, म्हणून आत गेले.

दुकानाचा मालक रे. साठीचा, दाराएवढा रुंद, बोलायला कंजूष. त्याने एक टायर दाखवून विचारलं, "हा उचलता येईल?" मी तो उभा केला आणि गडगडवत त्याच्या पायापाशी नेऊन सोडला. सांगलीत स्टँडमागच्या पंक्चरवाल्याकडे बघून एवढं कळलं होतं, की टायर उचलायचा नसतो, चालवत न्यायचा असतो. रेने मला काउंटरवर बसवलं आणि सुनंदाचं तिथल्या तिथे 'सू' करून टाकलं. ह्या नावाला मराठी माणसं का हसतात, ते त्याला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

माझी गिऱ्हाइकं पाहता पाहता निम्मी आपलीच झाली. पुण्याची, नागपूरची, मुंबईची मुलं. नवे टायर घातले की लिंबं घेऊन येणारी. चाकाखाली लिंबू चिरडलं की रे दचकून बघायचा. टायर किती झिजला ते बघायला, म्हणजे त्याच्या नक्षीची खोली मोजायला, एका गृहस्थांनी रुपयाचं नाणं आणलं होतं. इथे सगळे अमेरिकन नाणं वापरतात, पण त्यांचा आपल्या नाण्यावर जास्त विश्वास. पहिली कडक थंडी पडली की सकाळी दाराशी रांग लागायची, "काकू, चारही चाकं पंक्चर झाली!" पंक्चर एकही नसायचं. थंडीने हवा आकसते, टायर बसल्यासारखा दिसतो. हवा भरून द्यायची, फुकट, आणि जाताना ऐकून घ्यायचं, की मागच्या दुकानात असं होत नव्हतं.

खंडेनवमीला मी टायर चढवायच्या यंत्राला हळदकुंकू वाहायचे. पहिल्या वर्षी रेने विचारलं, "कशासाठी?" मी म्हटलं, "सगळ्यांची बोटं शाबूत राहावीत म्हणून." दुसऱ्या वर्षी त्यानेच आठवण केली. २००८ साली गाव ओस पडायला लागलं आणि रेने दुकान बंद केलं, तेव्हा त्या यंत्रावर कुंकवाचा एक डाग तसाच होता. नव्या मालकाने तो पुसला असेल, ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

पण मला सांगायचंय ते मेघनाचं. आणि त्याची सुरुवात मेघनापासून होत नाही, तिच्या नवऱ्यापासून होते.

निखिल पुण्याचा. गाडीच्या कंपनीत सीट्स डिझाइन करायचा. पण आपल्या मंडळात एखादा गाडीच्या कंपनीत आहे म्हटलं की इंजिनपासून विम्यापर्यंत सगळं त्यालाच विचारतात, आणि त्यालाही नाही म्हणवत नाही. २००४च्या सप्टेंबरात तो काउंटरवर आला तो एका फोटोचा प्रिंट घेऊनच.

"काकू, ग्रुप बाय करतोय. मंडळातल्या आठ फॅमिलीज. सगळ्यांच्या एसयूव्ही. सगळ्यांना सेम टायर."

फोटोत चिखलाचा टायर होता. दगडफोड्या दिसणारा, बोटभर खोल खाचा, मधे रबराच्या मोठ्या मोठ्या गोट्या. दिसायला रुबाबदार, ह्यात वाद नाही.

"हा कशाला हवाय?" मी विचारलं.

"ऑफरोड आहे ना! चिखल, दगड, बर्फ, काहीही. एकदम सेफ."

"चिखल, हो. दगड, हो. बर्फ, नाही."

"काकू, असं कसं? बर्फ म्हणजे पांढरा चिखलच ना, यार! आम्ही पावसाळ्यात गडाच्या पायथ्यापर्यंत जीप घेऊन जायचो, असल्याच टायरवर. गुडघाभर चिखलातून निघायची."

हे वाक्य मी मनात जपून ठेवलंय. बर्फ म्हणजे पांढरा चिखल. मिशिगनचा माणूस असं कधी म्हणणार नाही. ज्याने लहानपणी चिखल पाहिला आणि बर्फ पाहिला तो थेट पगार सुरू झाल्यावर, त्यालाच हे सुचतं. मलाही पहिल्या वर्षी असंच वाटलं होतं. रेने मला अंगणात नेऊन बर्फाचा गोळा करायला लावला. "कसा झाला?" म्हणाला. मी म्हटलं, "दाबला, झाला." "का झाला?" मग माझ्यातली रसायनाची बाई जागी झाली. बर्फाला बर्फ चिकटतो, म्हणून.

तेच मी निखिलला सांगितलं. चिखलाच्या टायरचं काम काय, तर चाक फिरताना खाचांमधला चिखल भिरकावून द्यायचा, म्हणजे गोट्या पुन्हा मोकळ्या. बर्फाच्या टायरचं काम बरोबर उलटं. त्याने खाचांत बर्फ धरून ठेवायचा, कारण रस्त्यावरच्या बर्फाला टायरमधला बर्फच पकडतो, रबर नाही. शिवाय त्याच्या प्रत्येक गोटीवर बारीक चिरा असतात, शंकरपाळ्यावर सुरीची टोकं उमटल्यासारख्या. टायर दबला की त्या चिरा उघडतात आणि प्रत्येक चिरेची कड रस्त्याला चावते. चिखलाच्या टायरला चिरा नसल्यातच जमा. वर त्याचं रबर थंडीत कडक होतं. फ्रिजमधलं लोणी पोळीला लावून बघा. ताज्या भुसभुशीत बर्फातून तो टायर उकरत निघेल. पण दहा गाड्यांनी दाबून गुळगुळीत केलेल्या बर्फावर, जो आपल्याला रोज ऑफिसला जाताना भेटतो, त्याच्यावर तो घसरणार.

"पण फोर व्हील ड्राइव्ह आहे," निखिल म्हणाला.

"ती निघायला मदत करते. थांबायला नाही."

त्याने मान डोलावली. मग म्हणाला, "पण काकू, सगळ्यांनी फायनल केलंय."

आपल्याकडे एकदा सगळ्यांचं फायनल झालं की ब्रह्मदेव आला तरी ईमेल बदलत नाही. मी विकायला नकार दिला. त्यांनी ते इंटरनेटवरून मागवले आणि बसवून घ्यायला आमच्याकडेच आणले. रे म्हणाला, "गाडी त्यांची, पाय त्यांचे. बसव." आम्ही बसवले. प्रत्येक गाडीच्या खिडकीशी वाकून मी सांगितलं, ब्रेक लवकर लावा, अंतर ठेवा. सगळे म्हणाले, "हो काकू." एकाने तर फोटो काढला.

जानेवारीत टो ट्रक एक गाडी घेऊन दाराशी आला. त्यातून रुग्णालयातल्यासारख्या निळ्या कपड्यांत एक मुलगी उतरली. बूट ओले, केस विस्कटलेले, हनुवटी मात्र वर. तीच मेघना, निखिलची बायको, नागपूरची. ती फिजिओथेरपिस्ट होती, पण दवाखान्यातली नाही. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना चालायला शिकवणारी. हाड मोडलेली, ऑपरेशन झालेली, एकेकटी राहणारी माणसं. नोव्हायच्या पश्चिमेला गेलं की टुमदार घरं आहेत आणि त्यांना जोडणारे रस्ते चक्क कच्चे. अमेरिकेत मुरमाचे रस्ते असतात हे सांगलीत कोणी मानत नाही, पण आहेत; वसंतात त्यांचा असा राडा होतो की आपली बैलगाडीही रुसेल.

"काकू, ब्रेक दाबला होता मी," ती म्हणाली. "दाबूनच होते. गाडी थांबलीच नाही. स्टॉप साइन गेलं, कॉर्नर गेला, आणि मग रस्त्याकडेचं डिच."

तिला लागलं नव्हतं. गाडीचा बंपर गेला होता. पण तिची खरी अडचण वेगळीच होती. त्या रस्त्याच्या टोकाला हेलन नावाची एक म्हातारी राहायची. खुब्याचं हाड मोडलेली, एकटी. तिची मुलगी दूर कॅलिफोर्नियात. हेलन उन्हाळ्यापर्यंत स्वतःची स्वतः चालू शकली नाही तर घर विकून तिला वृद्धाश्रमात हलवायचं, असं ठरलं होतं. बर्फामुळे मेघनाच्या तिच्याकडच्या खेपा आधीच चुकल्या होत्या. तिला कामं देणाऱ्या एजन्सीने बजावलं होतं, की आता खेप चुकली तर तो सगळा भाग दुसरीला देऊ. आणि दुसरी कोणी मोकळी नव्हती, हे मेघनाला माहीत होतं.

"मला बेस्ट टायर नकोत, काकू. स्टाइल नको. मला पोचायचंय. एवढंच."

तेवढ्यात निखिल धावत आला. आधी त्याने तिला नखशिखांत पाहिलं, मग गाडीला, मग सुरू झाला. "मी कधीपासून सांगतोय, क्लिनिकमध्ये जॉब घे! नाइन टू फाइव्ह, पार्किंग लॉट साफ केलेला. त्या आजीसाठी तू जीव देणारेस का?"

"निखिल, आजीला कोण चालवेल?"

"एजन्सी बघेल ना!"

"कोण आहे एजन्सीत? मीच आहे."

तो चिडलेला वाटत होता, पण घाबरलेला होता. घाबरलेला नवरा आणि चिडलेला नवरा बाहेरून सारखेच दिसतात, इतक्या वर्षांच्या संसारात मला एवढं कळतं. मी दोघांना कॉफी दिली आणि मेघनाला म्हटलं, "तुझा रस्ता सांग. घरापासून हेलनपर्यंत. फाटा न् फाटा."

टायर असाच निवडायचा असतो. आधी टायर नाही बघायचा, रस्ता बघायचा. तिने सांगितलं: थोडा फ्रीवे, मग गावातला रस्ता, मग मुरूम, शेवटी उतार आणि त्याच्या पायथ्याशी ते स्टॉप साइन. हिवाळ्यात बर्फ, मार्चमध्ये चिखल, उन्हाळ्यात खड्डे आणि टोकदार खडी. आणि रोज, सुट्टीच्या दिवशी नाही.

रेचं म्हणणं, अस्सल हिवाळी टायर दे. एरवी मीही तेच दिले असते. काचेसारख्या बर्फावर त्याच्या तोडीचा दुसरा टायर नाही. पण मऊ रबराचा तो टायर मार्च सरला की उतरवायचा, दुसरा संच चढवायचा, आणि उतरवलेला ठेवायचा कुठे? हे दोघं तिसऱ्या मजल्यावरच्या अपार्टमेंटमध्ये. पाव्हण्यांना जागा नाही, टायरांना कुठून येणार? आणि तिच्या रस्त्यावर बर्फ आणि चिखल आठवडाभराच्या अंतराने यायचे. रेची आणि माझी जुंपली. तो म्हणाला, "सू, बर्फ आधी बघ." मी म्हटलं, "बर्फ आधी, पण बर्फ एकटा नाही." शेवटी मी कॅटलॉग उघडून त्याला एक टायर दाखवला. ऑफरोडचाच, पण सगळ्या जमिनींसाठीचा. गोट्या मध्यम, त्यांच्यावर दाट चिरा, आणि बाजूला डोंगराच्या चित्रात हिमाची चांदणी. ती चांदणी महत्त्वाची. टायरावर नुसतं 'चिखल आणि बर्फ' छापलेलं असतं त्याला फारसा अर्थ नाही. ते नक्षीचं वर्णन आहे. चांदणी मिळवायला टायरला खऱ्या बर्फावर परीक्षा द्यावी लागते. शाळेतली बाई म्हणून मला परीक्षा दिलेला टायर आवडतो.

रुंदीही मी कमी केली. निखिलच्या ग्रुपने रुबाबासाठी रुंद टायर घेतले होते. रुंद टायर बर्फावर तरंगतो, अरुंद टायर बर्फ कापून खाली टेकतो. दाराच्या आतल्या पट्टीवर गाडीच्या कंपनीने जो आकार लिहिलाय तोच घ्यायचा, आपली अक्कल चालवायची नाही.

"हा काचेसारख्या बर्फावर चमत्कार करणार नाही," मी मेघनाला स्पष्ट सांगितलं. "पण तुझ्या रस्त्यावर बाराही महिने तुझ्याबरोबर राहील."

"कशावरून?" निखिलने विचारलं. प्रश्न रास्त होता. आधी एकदा त्याने स्वतः सगळ्यांना खात्री दिलीच होती की.

मग मी ठरवलं, बोलणं पुरे. शनिवारी सकाळी ताजा बर्फ पडून दबला होता. दुकानामागच्या चर्चचा पार्किंग लॉट रिकामा होता, पाद्रीबाबा आमचं गिऱ्हाईक. मी एक झिजलेला टायर गडगडवत नेला आणि लॉटच्या मध्यावर आडवा टाकला. "हे तुझं स्टॉप साइन. त्या खांबापासून ब्रेक लाव."

गाडीला अजून चिखलाचेच टायर होते. मेघनाने खांबापाशी ब्रेक दाबला. गाडी सावकाश, अगदी सभ्यपणे, घसरत आली आणि माझ्या टायरला ढुशी देऊन पुढे गेली. निखिल म्हणाला, "तू ब्रेक लेट लावलास." तो स्वतः बसला. त्याने लवकर लावला. त्यानेही टायर उडवला. तो गाडीतून उतरला आणि बर्फात जाऊन त्याने तो टायर उचलून पुन्हा जागेवर ठेवला. मला त्या पोराची फार दया आली. आठ घरांनी त्याच्या शब्दावर टायर घेतले होते, आणि त्यातलं एक घर त्याचं स्वतःचं होतं.

आम्ही नवे टायर चढवले आणि परत तिथेच आलो. रेही बाहेर येऊन उभा राहिला, हात काखेत. मेघनाने खांबापाशी ब्रेक दाबला. गाडी थरथरली, कुरकुरली, आणि आडव्या टायरच्या बरीच अलीकडे उभी राहिली. मधे एक माणूस आरामात झोपला असता.

मेघना आत बसूनच रडायला लागली. मी काचेवर टकटक केलं. "रडायला नंतर ये. आता पुन्हा कर. पायाखाली पेडल थरथरलं तरी पाय काढायचा नाही, गाडी कुरकुर करते, करू दे. आणि उतारावर वरूनच खालचा गिअर. टायर चांगला आहे म्हणून वेग वाढवायचा नाही. चांगल्या टायरवाल्यांच्याच गाड्या डिचमधून काढून दुकानात आणलेल्या मी जास्त वेळा पाहिल्यात." ती डोळे पुसून पुन्हा गेली. पुन्हा, पुन्हा. जेवायची वेळ झाली तरी तिची हौस संपेना. शेवटी पाद्रीबाबा बाहेर येऊन काळजीने विचारून गेले, की बाईंना काही झालंय का.

सोमवारी पुन्हा बर्फ आला, चांगला धो धो. शाळा बंद झाल्या. मी काउंटरवर होते, पण माझं लक्ष फोनकडे. निखिलचा दोनदा फोन येऊन गेला, "काकू, तुम्हाला काही कळलं का?" मी त्याला दटावलं, की गाडी चालवताना तिला फोन करायचा नाही, मलाही करायचा नाही. आणि ठेवल्यावर खिडकीशी जाऊन उभी राहिले. मला भीती वाटत होती, लपवण्यात अर्थ नाही. टायर मी निवडला होता. रेचं ऐकलं असतं तर?

मग फोन वाजला. "काकू, पोचले." एवढंच, आणि ठेवलाही.

त्या हिवाळ्यात बर्फ पडला की तो फोन यायचा. "पोचले." फेब्रुवारीत कधीतरी यायचा बंद झाला. मी समजले, की आता पोचणं ही सांगायची गोष्ट राहिली नाही. निखिलने ग्रुपला ईमेल पाठवला, माझं चुकलं, काकूंकडे जा. मोठं मन लागतं त्याला, आपल्या लोकांत तर जास्तच. बरेच जण आले. दोघं आले नाहीत. त्यातल्या एकाने शेजाऱ्याचा मेलबॉक्स पाडला आणि तरीही आला नाही, रुबाब सुटला नाही म्हणून. त्या दोघांची मला पुढे प्रत्येक हिवाळ्यात काळजी वाटत राहिली, बर्फ पडला की अजून वाटते.

एप्रिलमध्ये, सगळीकडे राडा झालेला असताना, मेघनाची गाडी दुकानासमोर येऊन थांबली. दारापर्यंत चिखलाने माखलेली. मेघना उतरली, आणि दुसऱ्या बाजूने एक पांढऱ्या केसांची, काठीएवढी बारीक बाई उतरायला लागली. एक पाय. मग दुसरा. मग काठी. मी खुर्ची घेऊन धावणार तोच मेघनाने काचेतून डोळे वटारून मला जागच्या जागी बसवलं. रेने दार उघडून धरलं होतं. त्यालाही ती नजर मिळाली आणि त्याने दार सोडून दिलं. त्या बाईने ते जड दार स्वतः खांद्याने ढकललं आणि आमच्या तेलकट फरशीवरून, काठीशिवाय दुसऱ्या कशालाही न धरता, काउंटरपर्यंत चालत आली.

"टायर विकणारी ती तूच का?" तिने विचारलं.

"मीच."

"मी हेलन. तुझी तक्रार करायला आलेय." ती जरा थांबली, श्वास घेतला. "ही मुलगी माझ्याकडून फार व्यायाम करून घेते. दुखतं मला. हिवाळाभर मी सकाळी उठून खिडकीशी बसायचे आणि देवाला म्हणायचे, आज भरपूर बर्फ पडू दे, आज ती यायला नको. देव माझं ऐकायचा. बर्फ पाडायचा. आणि तरी ही गाडी उतारावरून खाली यायची, स्टॉप साइनला थांबायची, आणि माझ्या दाराकडे वळायची."

मेघना हसत होती. मला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते. रे पाठ करून उगाच नट पिळायचे पाने शोधत होता.

"घर विकायचं नाही असं मी मुलीला कळवलंय," हेलन म्हणाली. "म्हटलं, निदान तो टायर तरी बघून यावा."

मग ती वळली, दारापर्यंत गेली, पुन्हा खांद्याने दार ढकललं, आणि गाडीच्या पुढच्या चाकापाशी उभी राहून तिने आपली काठी त्या चिखलाने भरलेल्या टायरवर दोनदा आपटली. आम्ही तिघं आतून बघत होतो. कोणीही मदतीला गेलं नाही.